खुंटीवरची माळ

वाळूजच्या कंपन्यांची पाळी सुटते तेव्हा बसथांब्यावर गणवेशाच्या कॉलरीतून तुळशीच्या माळा डोकावताना दिसतात. आमच्याकडे ‘माळ घातली’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. दारू सुटली, मटण सुटलं, एकादशी लागली. सोयरीक जमवतानाही लोक विचारून घेतात, पोरगा माळकरी आहे ना?

पण याच वस्तीतल्या एखाद्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी, खिळ्याला टांगलेली माळही असते. प्यायला बाहेर पडण्याआधी ती काढून ठेवलेली असते. असा माणूस देव मानत नाही असं कुणी म्हणू नये. तो इतका मानतो की गळ्यात माळ असताना ग्लास ओठाला लावायची त्याची हिंमत होत नाही. त्याची बायको सकाळी उठली की आधी त्या खिळ्याकडे बघते. माळ तिथेच असली की तिला रात्रीचं सगळं कळतं.

त्या खिळ्यापासून मी मागे मागे जात राहिलो.

माळ मुळात दारू सोडवायला निघालेली नाही. ती वारीची खूण. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ एखाद्या जुन्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात पडते, आणि तिच्याबरोबर पंढरीची वारी आणि मद्य-मांस सोडण्याचा नेम येतो. माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात येईपर्यंत जुने माळकरी घास घेत नाहीत. माळ तुटते, हे परंपरेनं आधीच धरलेलं आहे. तुटली म्हणजे संपलं असं कुणी म्हणत नाही. पुन्हा ओवायची, पुन्हा घालायची.

बजाजचा इथला कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि मराठवाड्याच्या गावागावांतून पोरं वाळूजला आली. हाती रोख पगार, घरापासून दूर खोली, रात्रपाळी. गावात चुकणाऱ्याला हटकणारा भजनी मंडळातला म्हातारा इथे नव्हता. औद्योगिक वसाहतीला लागूनच पंढरपूर नावाचं गाव आहे, तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे, आणि आषाढीला शहरातून दिंड्या चालत येतात. बऱ्याच जणांनी माळ तिथेच घातली. विठ्ठल इथेही भेटला, पण तो म्हातारा भेटला नाही.

माळेसारख्याच दुसऱ्या खुणा शोधत आता थोडं लांब जाऊ. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात १८३८ साली फादर मॅथ्यू नावाच्या धर्मगुरूनं दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि शपथ घेणाऱ्यांना पदक दिलं. लाखो लोकांनी शपथ घेतली. पुढे दुष्काळ आला, फादर मॅथ्यू गेले, आणि ती लाट ओसरली. पदकं घरोघर राहिली.

मग अमेरिकेतलं अक्रन. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्यात हात पोळून तिथे अडकला होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते, आणि हॉटेलातला बार त्याला खुणावत होता. त्यानं फोन फिरवून फिरवून आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला. तो सापडला डॉ. बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. याच शहरातल्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १९३९ पासून डॉ. बॉबच्या जोडीला सिस्टर इग्नेशिया होत्या. बरा होऊन घरी निघालेल्या प्रत्येकाच्या हातात त्या येशूच्या पवित्र हृदयाचा छोटा बिल्ला ठेवायच्या आणि अट घालायच्या: पुन्हा प्यावंसं वाटलं तर आधी येऊन हा मला परत द्यायचा.

हे वाचलं आणि मला तो खिळा आठवला. बिल्ला आणि माळ एकच काम करतात, दारू आणि माणूस यांच्यामध्ये एक कृती घालतात. फरक एवढाच की बिल्ला सिस्टरच्या हातात द्यायचा होता, तिच्या डोळ्याला डोळा देऊन. माळ खिळ्याला टांगताना समोर कुणीच नसतं.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. दारू सुटल्यावर खरं काम सुरू होतं. बाटलीनं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला राग, लाज, बापाची भीती, भावाचा हेवा, सगळं वर येतं. पन्नाशीचा माणूस विशीतल्या पोरासारखा रुसतो, कारण तो तिथेच थांबलेला असतो. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये आपल्या चुकांचा हिशेब मांडा, तो दुसऱ्या माणसाला सांगा, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करा, असं आहे ते याचसाठी. त्यातला ईश्वरही ज्याला जसा समजेल तसा. विठ्ठल चालतो.

एए भारतात १९५७ साली आली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं. कुणाची ‘स्लिप’ झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर एएच्या बैठकीत त्याला पापी म्हणत नाहीत. आजपासून पहिला दिवस, एवढंच म्हणतात. माळकऱ्यांना हे नवं वाटायला नको. तुटलेली माळ पुन्हा ओवणारे आपणच.

तुमच्या घरात अशी माळ खिळ्याला टांगलेली असेल तर तिच्यावरून भांडू नका, शपथाही घालू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. मग माळ त्याच्याच खिशात ठेवा आणि त्याला एएच्या एखाद्या बैठकीला घेऊन जा. तिथे फी नसते, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा असली की आत जाता येतं.