मांतोव्हानी, आनुंत्स्यो पाओलो

(१५ नोव्हेंबर १९०५–२९ मार्च १९८०). सुगम वाद्यसंगीताचा विख्यात ब्रिटिश वाद्यवृंद-संचालक. जन्म इटलीतील व्हेनिस येथे. त्याचे वडील मिलानच्या ‘ला स्काला’ या संगीतिकागृहाच्या वाद्यवृंदात तोस्कानीनी या थोर संचालकाच्या हाताखाली प्रमुख व्हायोलिनवादक होते. १९१२ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला आले व तेथेच स्थायिक झाले. मांतोव्हानीचे संगीतशिक्षण लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये झाले. १९३३ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले.

अभिजात व्हायोलिनवादक म्हणून त्याने प्रारंभ केला. तथापि त्याकाळी तरुण वादकास नियमित उत्पन्न मिळे, ते मुख्यतः हॉटेले, उपाहारगृहे व नाट्यगृहे यांच्या वाद्यवृंदांत. विशीतच स्वतःचा वाद्यवृंद उभारून तो लंडनच्या मेट्रोपोल हॉटेलात कार्यक्रम करू लागला. १९३० नंतरच्या दशकात त्याचा ‘तिपिका’ हा वाद्यवृंद बीबीसीच्या नभोवाणी कार्यक्रमांमुळे घरोघरी पोहोचला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने नाट्यसंगीताचे संचालन केले. नोएल कॉवर्डच्या पॅसिफिक १८६० (१९४६) व एस ऑफ क्लब्ज (१९५०) या संगीतिका त्यांपैकी उल्लेखनीय होत.

त्याच्या कारकीर्दीस निर्णायक वळण मिळाले १९५१ मध्ये. ग्रामोफोन कंपन्यांनी दीर्घवादन ध्वनिमुद्रिका नुकत्याच बाजारात आणल्या होत्या व घरी निवांतपणे ऐकता येईल अशा सलग संगीतास मागणी निर्माण होत होती. डेक्का कंपनीसाठी मांतोव्हानीने तंतुवाद्यांचे प्राबल्य असलेला सु. ४० वादकांचा वाद्यवृंद सिद्ध केला. त्यासाठी रॉनल्ड बिंज (१९१०–७९) या संगीतनियोजकाने एक अभिनव रचनातंत्र योजिले. व्हायोलिनवादकांचे अनेक गट पाडून सुरावटीतील स्वर त्यांच्यात क्रमाने वाटून दिले जात. एका गटाने आपला स्वर लांबवीत राहावे, तोच दुसऱ्या गटाने पुढील स्वर उचलावा, अशी ही मांडणी होती. त्यामुळे मागचे स्वर पुढच्यांत मिसळत राहत आणि उंच घुमटाखाली गायन चालले असता जसा निनाद उमटतो, तसा भास होई. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये मोंतेव्हेर्दीप्रभृती रचनाकारांनी योजिलेल्या संगीताचा आदर्श बिंजसमोर होता. हा परिणाम यांत्रिक प्रतिध्वनीने नव्हे, तर स्वरलिपीतच साधलेला होता. म्हणूनच तो रंगमंचावरही प्रत्यक्ष सादर करता येई. ‘धबधब्यासारखी तंतुवाद्ये’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने हे तंत्र प्रसिद्धी पावले.

या पद्धतीने मुद्रित झालेली ‘शार्मेन’ ही जुन्या मूकपटकालीन वॉल्ट्झची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत अतिशय लोकप्रिय ठरली. १९५३ मध्ये मूलाँ रूझ या चित्रपटातील गीताची मांतोव्हानीने सादर केलेली धून ब्रिटनमधील खपाच्या क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचली. निव्वळ वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेस हा मान प्रथमच मिळाला. १९५४ मध्ये डेव्हिड व्हिटफील्डने गायिलेले ‘कारा मिया’ हे गीत सलग दहा आठवडे अग्रस्थानी राहिले. तूल्यो त्रापानी या टोपणनावाने मांतोव्हानी त्याचा सहरचनाकार होता. १९५५ पासून त्याने अमेरिकेचे दौरे केले. द्विकर्ण (स्टीरिओ) ध्वनिमुद्रण आल्यावर त्याच्या वाद्यवृंदाचा विस्तीर्ण नाद अधिकच खुलला आणि नव्या उपकरणांची गुणवत्ता पारखण्यासाठी ग्राहक त्याच्याच ध्वनिमुद्रिका लावून पाहू लागले.

या यशाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वेष्टनावर नाव असे ते संचालकाचे. नियोजक पडद्याआड राही. ध्वनीचे रहस्य बिंजच्या लेखणीत होते, हे निर्विवाद. परंतु वादकांची निवड, त्यांच्याकडून करून घेतलेले काटेकोर वादन आणि श्रोत्यांच्या अभिरुचीची जाण ही मांतोव्हानीची होती. बिंज लवकरच स्वतंत्र रचनेकडे वळला. त्यानंतर सेसिल मिल्नर इ. नियोजकांच्या साहाय्याने मांतोव्हानीने आपला नाद दोन दशकांहून अधिक काळ टिकविला, यावरून त्याचा वाटा स्पष्ट होतो.

समीक्षकांनी या संगीतास गोडगोड व उथळ ठरविले. त्यातील भावनेची मर्यादा व तोचतोपणा नाकारता येत नाही. मात्र अभिजात संगीत आणि नृत्यगृहातील संगीत यांच्या मधला प्रदेश ब्रिटनमध्ये या परंपरेने जोपासला होता व तीवर अनेक कुशल वादकांची उपजीविका चालत होती. १९६० नंतर पॉप संगीताचा प्रभाव वाढला. बीबीसीचा ‘लाइट प्रोग्रॅम’ १९६७ मध्ये बंद झाला आणि हा आश्रय आटत गेला. मांतोव्हानी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास निवृत्त झाला. इंग्लंडमधील रॉयल टनब्रिज वेल्स येथे त्याचे निधन झाले. ध्वनिमुद्रण हे केवळ मैफलीचे जतन नसून ध्वनिमुद्रिकेसाठीच खास नाद घडविता येतो, हे त्याच्या कार्याने लक्षावधी सामान्य श्रोत्यांच्या प्रत्ययास आणून दिले.