सट्ट्याची मुंबई आणि सुप्याचा बाजार

आर्थिक अरिष्ट गरीब-श्रीमंत सर्वांना सारखेच बुडविते, असा एक समज आहे. १८६५ सालचे मुंबईचे अरिष्ट निरखून पाहिले म्हणजे तो डळमळू लागतो.

अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत रोज नव्या बँका निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर चढला. १८६५ च्या एप्रिलात सेनापती लीने शस्त्र खाली ठेवले, आणि १ जुलैस, मुदतीच्या सौद्यांचा निकाल व्हायचा त्या दिवशी, पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. पण पुढे सावरले. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावे उभा राहिलेला राजाबाई मनोरा आजही तास वाजवितो.

पुणे-नगरकडच्या कुणब्याला असे सावरणे कुठले? तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. मंदी येताच हात आखडला. लोहमार्गाच्या कामावरची मजुरीही सरली. त्यातच १८६७ पासून इंदापुरापासून नवी जमाबंदी सुरू झाली आणि सारा कित्येक ठिकाणी दीडपट-दुप्पट वाढला. धान्याचे भाव उतरणीला, सारा मात्र चढता! १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परंतु दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून फेरखत लिहून घेण्याची चाल त्यातूनच रूढ झाली. अक्षरशत्रू कुळाने अंगठा उठवायचा, एवढेच.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवड्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जखते. ती हाती पडली की होळी करायची. जो सावकार मुकाट्याने देई, त्याच्या घराला पुष्कळदा धक्काही लागत नसे. रक्तपात थोडाच झाला. या दंग्याला अविचारी म्हणणाऱ्यांनी ही निवड ध्यानात घ्यावी.

सरकारने चौकशी मंडळ नेमले, आणि मधला भीषण दुष्काळ ओसरल्यावर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. सावकारांनी मग गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यावयास आरंभ केला.