चेहऱ्यावर धरलेला उजेड

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. त्वचेच्या क्षयाला युरोपातल्या वैद्यांनी हे नाव दिलं, कारण हा रोग चेहरा कुरतडत जायचा. आधी गालावर तांबूस गाठी, मग व्रण, शेवटी नाकपुडी किंवा ओठच नाहीसा. जीव बहुधा वाचे, पण रोगी चारचौघांत तोंड दाखवेनासा होई. आज घरी बसून चेहऱ्यावर चढवायचे जे लाल-निळे एलईडी मुखवटे ऑनलाइन मिळतात, त्यांचं कूळ शोधत गेलं की वाट या लांडग्यापाशी येते.

१८९५ साली कोपनहेगनमधला एक इंजिनिअर हा रोग घेऊन नील्स फिन्सेनकडे आला. फिन्सेन १८६० साली फेरो बेटांवर जन्मलेला डॉक्टर, स्वतःच दीर्घ आजाराने खंगलेला आणि उन्हाच्या गुणांनी झपाटलेला. प्रखर दिव्याला लागेल एवढी वीज शहराच्या वीज कंपनीकडेच होती, म्हणून उपचारही तिथेच सुरू झाले. रोगी सुधारला. पुढच्याच वर्षी फिन्सेनच्या नावाची संस्था उभी राहिली.

तिथला दिवा म्हणजे छताला टांगलेलं अवाढव्य प्रकरण. मधोमध कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटलेली ठिणगी, आणि तिच्याभोवती दुर्बिणीसारख्या चार नळ्या खाली झुकलेल्या. नळीत स्फटिकाची भिंगं आणि उष्णता शोषून घ्यायला पाणी. प्रत्येक नळीखाली एक रोगी, आणि प्रत्येक रोग्याजवळ एक परिचारिका. तिचं काम सोपं वाटतं, पण हात भरून येणारं होतं. गार पाणी खेळवलेली स्फटिकाची चकती ती रोगट जागेवर दाबून धरी, कारण रक्त उजेड पिऊन टाकतं. ते बाजूला सारलं तरच किरण आत शिरतात. एका वेळी नाण्याएवढी जागा, तासभर किंवा त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी शेजारची जागा. असे महिनोन्‌महिने.

१९०० साली ब्रिटनची तेव्हाची युवराज्ञी अलेक्झांड्रा हिने हा दिवा लंडन हॉस्पिटलला भेट दिला. ती माहेरची डॅनिश, तेव्हा ही माहेरचीच भेट म्हणायची. १९०३ चं नोबेल फिन्सेनला मिळालं, पण ते घ्यायला जाण्याइतकं बळ त्याच्या अंगात उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी, ४३ व्या वर्षी, तो गेला.

गंमत अशी, की उपचार बरोबर असला तरी त्यामागचं फिन्सेनचं कारण बहुधा चुकलं होतं. जंतू मारतात ते अतिनील किरण, असं तो मानत होता. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्याची जुनी उपकरणं तपासली, तेव्हा ३४० नॅनोमीटरच्या खालचे किरण त्यांतून पार होतच नव्हते. त्यांनी मांडलेला खुलासा वेगळा आहे. जंतू स्वतःच पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात. जांभळा-निळा उजेड पडला की ते चेतवलं जातं, ऑक्सिजनला जहाल करतं आणि जंतूचाच घात होतो. मुरुमांवर आज निळा एलईडी वापरतात तो याच तत्त्वावर. त्याची तरंगलांबी ४१५ नॅनोमीटरच्या आसपास असते.

उजेड आणि त्वचा यांची जोडी आपल्याकडे नवी नव्हती. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याचा आयुर्वेदाचा प्रघात जुना आहे. जामनगरला तर जामसाहेब रणजितसिंहजींनी, म्हणजे क्रिकेटच्या रणजींनी, १९३३ च्या सुमारास फ्रान्सच्या धर्तीवर सूर्यामागे फिरणारं उपचारगृहच बांधवून घेतलं.

युरोप-अमेरिकेत १९२० नंतर अतिनील दिवे थेट घरात आले. तकाकी येई, तशीच भाजलेली कातडीही. कॅन्सरचा धोका पुरता उमगायला काही दशकं गेली.

लाल उजेडाची कथा मात्र अपघाताची. १९६७ साली बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टरने, लेझरने कॅन्सर होतो का हे पाहायला, भादरलेल्या उंदरांवर कमी ताकदीचा लाल लेझर सोडला. कॅन्सर झाला नाही. केस तेवढे लवकर उगवले. मग त्याने तोच उजेड न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला. तोपर्यंत निक होलोनियाकचा लाल एलईडी, १९६२ चा, जन्मलाही होता. प्रखर निळ्यासाठी मात्र जपानच्या शुजी नाकामुराची, १९९३ पर्यंत, वाट पाहावी लागली. दरम्यान नासा अंतराळात रोपं वाढवायला एलईडी वापरू लागली होती. त्याच दिव्यांनी जखमा भरतात का, हे विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी तपासलं.

भिंगं गेली, पाणी गेलं, परिचारिका गेली. उरला तो प्लॅस्टिकचा मुखवटा आणि दहा मिनिटांचा गजर. उजेडही अर्थात पुष्कळ सौम्य झाला, त्यामुळे फरक दिसायचा तर आठवडेच्या आठवडे नेटाने बसावं लागतं. डोळ्यांची काळजी मात्र सुटली नाही. काही नेत्रविकार असलेल्यांना आणि ठरावीक औषधं घेणाऱ्यांना अपाय होऊ शकतो, या शंकेने न्यूट्रोजिनाने २०१९ साली मुरुमांवरचा आपला मुखवटा बाजारातून परत घेतला. फिन्सेनच्या दिव्याच्या जुन्या छायाचित्रांत रोग्यांवर वाकलेल्या परिचारिका दिसतात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवलेल्या.