ग्राफीनच्या बुडाखाली

ग्राफीन हा कार्बनच्या अणूंचा एकेरी थर. त्यावर लेसरचा अतिलघू स्पंद पडला की त्यातले इलेक्ट्रॉन तापतात आणि काही पिकोसेकंदांत निवतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. हे निवणे ग्राफीनच्या स्वतःच्या गुणाने होते की ज्या आधारावर ते टेकलेले असते त्याच्यामुळे, यावर २००८ ते २०२१ या काळात बरेच संशोधन झाले.

सुरुवातीला आधाराकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढले आणि सिलिकॉनच्या चकतीवर टेकवले. चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइड होता. त्या जांभळट पृष्ठभागावर एका अणूइतका पातळ थरही साध्या सूक्ष्मदर्शकातून किंचित गडद डागासारखा दिसतो. ही दिसण्याची सोय झाली म्हणून जगभर तोच आधार रूढ झाला.

इलेक्ट्रॉन किती वेळात निवतात हे मोजण्याची रीत पंप-प्रोब म्हणून ओळखली जाते. पहिला स्पंद इलेक्ट्रॉनांना तापवतो, दुसरा त्यांची अवस्था तपासतो. दोहोंतले अंतर आरसा सरकवून बदलता येते: आरसा ०.१५ मिलिमीटर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालावे लागते आणि दुसरा स्पंद १ पिकोसेकंद उशिरा पोहोचतो. कॉर्नेल विद्यापीठात २००८ साली सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनची अशी मोजणी झाली. तीत दोन टप्पे आढळले, एक ७० ते १२० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) आणि दुसरा ०.४ ते १.७ पिकोसेकंदांचा. पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन ऊर्जा आपसांत वाटून घेतात, दुसऱ्यात ती अणूंच्या जाळीला देतात.

कोडे होते ते दुसऱ्या टप्प्यात. जाळीची जोरकस कंपने, म्हणजे ऑप्टिकल फोनॉन, एका वेळी सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेतात. इलेक्ट्रॉनकडे त्याहून कमी ऊर्जा उरली की ही वाट बंद व्हायला हवी. मागे राहतात ती मंद अकूस्टिक कंपने, आणि त्यांच्या भरवशावर निवायला नॅनोसेकंद लागावेत. प्रयोगात मात्र पिकोसेकंदच दिसत होते. माथेरानच्या माथ्यावरून उतरण्याचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. चौक गावाकडची पायवाट वेगळी आणि १९०७ साली सुरू झालेल्या नेरळच्या मिनी ट्रेनचा २१ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग वेगळा. उतरायला किती वेळ लागतो हे कोणकोणत्या वाटा खुल्या आहेत यावर ठरते. इथेही कुठली तरी वाट नजरेआड राहिली होती.

पहिला संशय आधारावर गेला. सिलिकॉन डायऑक्साइडच्या पृष्ठभागावरची ध्रुवीय कंपने सुमारे ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्टची असतात. ही पायरी लहान असल्यामुळे थकलेल्या इलेक्ट्रॉनलाही ती उतरता येते. २०११ साली आधारावरच्या आणि अधांतरी ताणलेल्या ग्राफीनची तुलना झाली, तेव्हा अधांतरी थर सावकाश निवताना दिसला. २०१२ साली अव्हुरिस यांच्या गटाने आधाराच्या कंपनांचा वाटा गणिताने मांडला. त्याच वर्षी साँग, रायझर आणि लेव्हिटोव्ह यांनी दुसरी वाट सुचवली: जाळीतल्या दोषांच्या साहाय्याने होणारी ‘सुपरकोलिजन’. २०१३ मध्ये तिला प्रयोगांचा आधार मिळाला.

खालचा आधार काढून थर अधांतरी ठेवणे ही स्वतंत्र कारागिरीच आहे. ऑक्साइड आम्लाने विरघळवायचा आणि दोन धातूपट्ट्यांमध्ये एका अणूच्या जाडीचा पडदा न फाटता ताणलेला ठेवायचा. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने असे पडदे कंपित केले. ग्राफीन तापल्यावर प्रसरण पावण्याऐवजी आकसते, हे त्यांनी २०१० साली पडद्यांच्या कंपनसंख्येवरून दाखवले. तो प्रयोग इलेक्ट्रॉनांच्या निवण्याचा नव्हता. पण आधाराच्या ओढीतून सुटलेले ग्राफीन स्वतः कसे वागते हे पाहण्याची महाराष्ट्रातली ही महत्त्वाची कामगिरी आहे.

२०१० सालीच कोलंबिया विद्यापीठात षट्कोनी बोरॉन नायट्राइडचा आधार वापरात आला. त्याची अणुरचना ग्राफीनसारखीच असते आणि पृष्ठभाग अतिशय सपाट असतो. त्याचे उत्तम स्फटिक जपानमधल्या त्सुकुबा इथे तानिगुची आणि वातानाबे तयार करतात; जगभरच्या प्रयोगशाळा तेच मागवतात. विद्युतवहन सुधारले, म्हणून हा आधार निरुपद्रवी मानला गेला. प्रकाशाच्या प्रयोगांत ते खरे ठरले नाही. २०१८ साली टिलरोय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या स्फटिकातले हायपरबोलिक फोनॉन इलेक्ट्रॉनांची उष्णता पिकोसेकंदांत खाली खेचून घेतात.

उलगडा २०२१ साली झाला. पोन्या आणि सहकाऱ्यांनी अधांतरी ग्राफीन आणि टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये गुंडाळलेले ग्राफीन तपासले. या दोन्हींत बाहेरची वाट जवळजवळ बंद असते, तरीही निवायला काही पिकोसेकंदच लागले. कारण असे की सर्वांत तापलेले इलेक्ट्रॉन ऊर्जा देऊन खाली आले की उरलेले आपसांत ऊर्जा वाटून त्यांची जागा पुन्हा भरतात, त्यामुळे ऑप्टिकल फोनॉनची वाट बंद पडतच नाही. ग्राफीन आपल्या बळावर निवते. आधार तो वेळ आणखी कमी करतो किंवा करत नाही, एवढेच.

याचा परिणाम उपकरणांवर होतो. तापलेल्या इलेक्ट्रॉनांतून विद्युतदाब मिळवणाऱ्या प्रकाशशोधकाला निवणे जितके उशिरा तितके चांगले, तिथे बोरॉन नायट्राइड अडचणीचा ठरतो. लेसरचे स्पंद घडवणाऱ्या संपृक्त शोषकाला मात्र लवकर पूर्वस्थितीला यावे लागते, आणि तिथे उष्णता खेचून घेणारा हाच आधार उपयोगी पडतो.