रानपिंगळा आणि खोटी चिठ्ठी

लुप्त प्राणी परत आणण्याची चर्चा प्रयोगशाळेपासून सुरू होते. खानदेशात मात्र एक पक्षी नोंदींच्या फेरतपासणीतून परतला. अमळनेर आणि शहादा एकाच खानदेश जिल्ह्यात होते तेव्हा, १८८४ साली, जेम्स डेव्हिडसन यांनी रानपिंगळ्याचे अखेरचे नमुने येथे गोळा केले. पुढे माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ चा, गुजरातेतील मांडवीचा म्हणून एक नमुना दाखवला. वस्तुतः तो डेव्हिडसन यांचाच, चोरून नवी चिठ्ठी लावलेला! पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली. प्रक्षिप्त ओवी गाळावी तसे मांडवी वगळून त्या सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या स्थळांकडे वळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. म्हणजे पक्षी लुप्त झालाच नव्हता. सातपुड्यातील त्याच्या ढोलीची झाडे मात्र तुटत आहेत.