वऱ्हाडचा कापूस आणि ‘मागास’ हा शब्द

इतिहासाच्या पुस्तकातले ठळक अक्षरांत छापलेले शब्द आठवून पाहा. सार्वभौमत्व, साम्राज्यवाद, मुक्त व्यापार, औद्योगिक क्रांती, नैसर्गिक संसाधने. प्रत्येक शब्दाला दोन ओळींची व्याख्या आणि एक उदाहरण. उदाहरण बहुधा मँचेस्टरचं, नाहीतर बोस्टनच्या बंदरातल्या चहाचं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नागपूरच्या मुलांना कताईचं यंत्र कोणी शोधलं ते तोंडपाठ असायचं, पण त्या यंत्रावर हिंगणघाटचा कापूस चढायचा हे ठाऊक नसायचं. पुस्तकातच नव्हतं, मुलं तरी काय करणार!

आमच्या भागात आणखी एक शब्द कायम कानावर पडतो, तो म्हणजे ‘मागास’. 1984 मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्दही घरोघरी पोहोचला. विदर्भ मागे राहिला, असं आपण सहज म्हणतो. म्हणजे काय, तर जगाची गाडी सुटली आणि आम्ही फलाटावरच उभे, असं एक चित्र डोळ्यांपुढे येतं. मला हे चित्र मुळीच पटत नाही. अनुशेष खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. रस्ते, सिंचन, वीज यांचा हिशेब मांडला तर तो आहेच. पण वऱ्हाड-नागपूरचा मुलूख जगाच्या बाजारापासून दूर राहिला म्हणून ही अवस्था आली, हे खरं नाही. तो त्या बाजाराला फार लवकर आणि फार घट्ट बांधला गेला. फक्त गाठ कोणी मारायची आणि दोर कोणाच्या हातात, हे इथल्या कास्तकाराला कधी कोणी विचारलं नाही.

सुरुवात मातीपासून करावी लागते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा जो काळा दगड झाला, त्याची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. ती पाणी धरून ठेवते. पावसाळा सरल्यावरही पऱ्हाटीच्या खोल गेलेल्या मुळांना ओल मिळत राहते. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की माणसाचा पाय आत जाईल. या मातीत विहिरीच्या पाण्याशिवाय कापूस शेकडो वर्षं होत आला. पण तो एकटा नसायचा. ज्वारी आणि तूर सोबत असायची, गुरांना कडबा व्हायचा, गावातच रुईचं सूत आणि सुताचं कापड व्हायचं. उरलेला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. म्हणजे व्यापार तेव्हाही होता. फरक एवढाच की घरचं भागल्यावर उरलेलं बाजारात जायचं.

आता 1853 हे साल पाहू. त्या एका सालात तीन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आणि डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले औरस पुत्र नसताना वारले.

यांतली प्रत्येक गोष्ट पुस्तकात वेगळ्या धड्यात येते. रेल्वे ‘सुधारणां’मध्ये, वऱ्हाड ‘तैनाती फौजे’मध्ये आणि नागपूर ‘खालसा धोरणा’मध्ये. एकत्र ठेवून वाचा, मग गंमत कळते. निजामाने स्वतःसाठी मागितलेली नव्हे, तर त्याच्या गळ्यात बांधलेली एक फौज होती. तिच्या खर्चाचं कर्ज त्याच्याच नावावर चढत गेलं आणि त्या कर्जापोटी वऱ्हाड गेलं. कागदोपत्री मात्र ते निजामाचंच राहिलं! 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला, पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, आणि 1936 मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही दिला. वऱ्हाडावर सत्ता नाही, पण वऱ्हाडचा राजपुत्र. सार्वभौमत्व या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

नागपूरचं प्रकरण तर अधिक उघड आहे. वारसाचा प्रश्न पुढे करून डलहौसीने राज्य खालसा केलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण जानेवारी 1854 च्या त्याच्या टिपणात दुसरंही एक कारण आहे, आणि ते त्याने लपवलेलं नाही. इंग्लंडच्या गिरण्यांची भरभराट कापसाच्या खात्रीच्या पुरवठ्यावर उभी आहे आणि नागपूर हाती आलं तर ती गरज भागायला मोठी मदत होईल, असा त्याचा सरळ हिशेब आहे. राजवाड्यातले दागिने लिलावात गेले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला कवडीमोलाने विकले गेले. बाकाबाईंनी विरोध करून पाहिला, पण उपयोग झाला नाही. आम्ही लहानपणी ऐकायचो ते या लिलावाचंच. टिपणातल्या कापसाबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडची बंदरं उत्तरेच्या आरमाराने कोंडली. लँकेशायरला जाणारा, गुलामांनी पिकवलेला कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहू लागले आणि लिव्हरपूलच्या दलालांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. पैसा इतका आला की प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर विकू लागले आणि लोक डोळे मिटून घेऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या.

मुंबईच्या या दिवाळखोरीवर बरंच लिहिलं गेलं आहे. वऱ्हाडातल्या वावरात काय झालं ते त्यामानाने कमी सांगितलं जातं. खरं म्हणजे इथली यंत्रणा तेजी संपल्यावरच पुरी झाली. 1866 मध्ये सरकारने रिव्हेट-कार्नाक यांना कापसासाठी खास कमिशनर नेमलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फक्त आठेक मैलांचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! खामगावची कापसाची पेठ किती मोठी होती हे यावरून समजावं. तारायंत्रामुळे लिव्हरपूलचा भाव आता खामगावला कळू लागला. व्यापाऱ्याला कळू लागला, असं म्हणायला हवं. सारा रोखीने भरायचा होता. रोख पैसा कापसातून यायचा, आणि पेरणीला लागणारा पैसा सावकाराकडून. मुक्त व्यापारात मुक्त कोण असतं, असा प्रश्न मी वर्गात विचारायचो. मुलं हसायची.

पर्यावरण हा शब्द आमच्या वेळच्या इतिहासात नव्हताच, तो भूगोलाच्या तासाला यायचा. पण रेल्वे म्हणजे स्लीपर, स्लीपर म्हणजे सागवान, आणि सागवान म्हणजे जंगल. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात वनखात्याने जंगलाच्या हद्दी आखल्या. कोरकू आणि गोंड ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, तिथे त्यांना एकाएकी परवाना लागू लागला. खाली मैदानात चराऊ रानं नांगराखाली गेली. कापसाने ज्वारीची जागा घेतली तसा कडबा कमी झाला. बंजाऱ्यांचे तांडे रेल्वेने बेकार केले. एक पीक वाढलं, पण त्याच्या आजूबाजूचं जे जाळं होतं त्याचा एकेक धागा तुटत गेला.

वऱ्हाडात दुष्काळ पडत नाही, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा अगदी ठाम समज होता. 1896-97 ने त्याला तडा दिला आणि 1899-1900 च्या छप्पन्नच्या दुष्काळाने तो पुरता मोडला. वऱ्हाडची लोकसंख्या 1891 च्या खानेसुमारीत सुमारे 29 लाख होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर एक पुस्तकच लिहिलं आहे. माणसं मरत होती तेव्हाही इथून कापूस आणि धान्य रेल्वेने बाहेर जात होतं, हे त्यात वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. दुष्काळात अन्न पोहोचवणारी म्हणून रेल्वेचं कौतुक मीही वर्षानुवर्षं शिकवलं होतं. रूळ दोन्ही दिशांना जातात, एवढंच.

याच काळात नागपुरात एक वेगळी गोष्ट घडली, तीही सांगायला हवी; नाहीतर चित्र एकरंगी होईल. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढायची ठरवली, कारण कापूस दाराशी होता आणि वरोऱ्याचा कोळसा फार लांब नव्हता. जागा दलदलीची होती. सोनं मातीत घालायला मी पैसे देणार नाही, असं म्हणून एका सावकाराने त्यांना परत पाठवलं म्हणतात. पुढे, टाटांनी माती घालून सोनं काढलं, अशी कबुलीही त्यानेच दिली म्हणे. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. इथला कापूस इथेच सूत होऊ लागला. तिच्या भोंग्यावर निम्मं नागपूर घड्याळ लावायचं. 2002 मध्ये ती कायमची बंद झाली. आता तिथे मॉल आहे, त्यात परप्रांतांत शिवलेले शर्ट मिळतात.

बियाण्याची गोष्ट अशीच. हिंगणघाटची लांब धाग्याची ‘बनी’ एकेकाळी नावाजलेली होती. पण जास्त उतारा देणाऱ्या आखूड धाग्याच्या ‘जरी’ने तिला मागे सारलं, वजनावर पैसे मिळत असतील तर कास्तकार तरी काय करील? पुढे अमेरिकन जातीचे वाण आले, आणि 2002 मध्ये बीटी. आज वऱ्हाडातल्या वावरांत जवळजवळ सगळा बीटी कापूस आहे, तोही बहुतेक कोरडवाहू. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने त्यालाही दाद दिली नाही, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. राज्य सरकारची एकाधिकार खरेदी 1972 मध्ये सुरू झाली होती. तिच्यात दोष पुष्कळ होते, पण लिव्हरपूल आणि वावर यांच्यामध्ये कोणीतरी उभं होतं. ती मोडीत निघाल्यावर मधे कोणी उरलं नाही. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वर्तमानपत्रांत तेव्हा आत्महत्यांचे आकडे रोज छापून येत, क्रिकेटच्या धावफलकासारखे. मागासलेपणावर अग्रलेखही आले.

असो. ऑगस्ट 2025 ची गोष्ट. अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयात शुल्क लावलं आणि आपल्या कापड उद्योगाची ओरड सुरू झाली. केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत माफ केलं. 1861 मध्ये अमेरिकेचा कापूस थांबला म्हणून इथली वावरं पांढरी झाली होती. या खेपेला बाहेरच्या कापसासाठी दार उघडलं, तेव्हा आमच्याकडे पऱ्हाटीला नुकती बोंडं धरत होती.