दिव्यावरचीं पाखरें आणि शंकेची संवय

श्रावणांतल्या एका रात्रीं मालवणजवळच्या एका घरीं आम्ही पाहुणे होतों. पाऊस नुकताच थांबला होता. पागोळ्या अजून ठिबकत होत्या, आणि पडवींतल्या एकुलत्या एका दिव्याभोंवतीं पतंगांची दाटी झाली होती. कांहीं भिंतीला चिकटून बसले होते, कांहीं गरगर फिरून दिव्यावर आपटत होते. घरांतल्या वृद्ध काकी ओट्यावर बसून तें पाहत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "दिव्याक भुलता आणि जीव देता, बाबा."

हा उद्गार कांहीं एकट्या काकींचा नव्हे. गीतेच्या अकराव्या अध्यायांत जळत्या अग्नींत शिरणाऱ्या पतंगांची उपमा आहे, आणि पुढें संतांपासून शायरांपर्यंत अनेकांनीं दिवा आणि पतंग यांची जोडी आपलीशी केली आहे. कोणी त्यांत मोह पाहिला, कोणी प्रेम, कोणी आत्मसमर्पण. परंतु ज्याच्याविषयीं हें सारें बोललें गेलें त्या पतंगाला दिवा खरोखरच आवडतो काय, हें विचारण्याची गरज फार थोड्यांस वाटली. ज्यांस ती वाटली त्यांचा, आणि त्यांनीं आपणांस लावून दिलेल्या एका संवयीचा, थोडासा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईस, आज जिला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात त्या वास्तूंत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन केली. आठांपैकीं दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध असलेले आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी सखाराम अर्जुन. उरलेल्या सहांपैकीं दोघांचा आमच्या विषयाशीं निकट संबंध आहे. कर्नल चार्लस स्विन्हो हे लष्करी अधिकारी. मुंबई आणि दख्खन येथील पतंग-फुलपाखरांवरील त्यांचा लेख १८८५ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. दुसरे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हे १८५१ सालीं साताऱ्यास जन्मले, कांहीं वर्षें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकवीत होते, आणि पुढें जकात व मीठ खात्यांत शिरले. त्या चाकरीनें त्यांना उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द आणि रत्नागिरी या भागांत फिरविलें. मालवण व वेंगुर्लें हे तालुके तेव्हां रत्नागिरींतच मोडत. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १९८१ सालीं. 'एहा' या टोपणनांवानें एटकिन यांनीं लिहिलेलीं पुस्तकें अजूनही वाचलीं जातात. कारण घराच्या ओसरींत दिसणाऱ्या मुंगीकडे आणि पालीकडेही त्यांनीं कुतूहलानें पाहिलें.

या मंडळींना आधारग्रंथ मिळाला तो १८९२ ते १८९६ या काळांत. निलगिरींत चहाचा मळा चालविलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनीं हिंदुस्थानांतील पतंगांवर चार खंड लिहिले. पांचवा खंड निघण्यास मात्र १९३७ साल उजाडलें. तो टी. आर. बेल आणि मेजर स्कॉट यांचा. विषय, ससाण्याप्रमाणें वेगानें उडणारे मोठ्या अंगाचे पतंग. बेल हे वनखात्यांतील अधिकारी. कारवारास एटकिन आणि कलेक्टर डेव्हिडसन यांच्या सहवासांत त्यांना हा नाद लागला, आणि उत्तर कानड्यांतील फुलपाखरांवर तिघांनीं मिळून सोसायटीच्या नियतकालिकांत लेखमाला लिहिली. १९२० सालीं निवृत्त झाल्यावर बेल विलायतेस गेले नाहींत. कारवारासच राहिले, आणि १९४८ सालीं तेथेंच वारले.

बेल आणि त्यांच्या सोबत्यांची पद्धति मुद्दाम सांगण्यासारखी आहे. टांचणी टोंचून पेटींत ठेवलेल्या पाखराच्या रंगावरून जात ठरविणें सोपें; पण त्या रंगावर विश्वास किती ठेवावा? नर-मादी पुष्कळदां निराळ्या रंगाचीं असतात, ऋतूप्रमाणें एकाच जातीचें रूप पालटतें. म्हणून हे लोक झाडावरून अळी आणीत, तिला तिचाच पाला घालीत, ती कोशांत केव्हां गेली व बाहेर काय आलें तें लिहून ठेवीत. याच रीतीनें लायोनेल डि निसेव्हिल यांनीं कलकत्त्यास कांहीं तपकिरी फुलपाखरें अंड्यापासून वाढविलीं व १८८६ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. पावसाळ्यांत पंखांवर ठसठशीत डोळे असणारीं आणि उन्हाळ्यांत वाळल्या पानासारखीं दिसणारीं, ज्यांस निरनिराळीं नांवें मिळालीं होतीं, तीं एकाच आईचीं लेकरें ठरलीं. त्यांच्यापैकींच एक फुलपाखरूं कोंकणांत दिवेलागणीस घरांत शिरतें, आणि आपण त्याला बेलाशक पतंग म्हणतों! त्याच्या मिशांच्या टोकाला गांठ आहे कीं त्या पिसासारख्या आहेत, एवढें पाहण्याचे कष्ट घेतले असते तर ही चूक झाली नसती.

हा सारा खटाटोप म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्या थोरांच्या ग्रंथांवर आपण चालतों त्यांचें वाक्य पुन्हा एकदां पाखरासमोर धरून वाचणें, एवढाच त्याचा अर्थ. आणि शंका घ्यावयाची तर पहिली स्वतःवर घ्यावी, हें आम्ही फार उशिरा शिकलों.

गेलीं कित्येक वर्षें पावसाळ्यांत आम्ही आंबोलीस किंवा मालवणच्या बाजूस जातों. दोन झाडांमध्यें पांढरी चादर बांधावयाची, तिच्यासमोर दिवा टांगावयाचा, आणि कोण येऊन बसतें तें वहींत टिपावयाचें, असा आमचा क्रम. पाखरें आम्ही मारीत नाहीं, छायाचित्र घेतों. पौर्णिमेच्या सुमारास पतंग येत नाहींत, असें आम्ही नवख्या सोबत्यांना मोठ्या अधिकारानें सांगत असूं. एकदां बरोबरच्या एका शाळकरी मुलीनें विचारलें, "तुम्हीं मोजलेत का?" आम्हीं ऐटीनें वही काढली आणि पानें चाळूं लागलों. पौर्णिमेची नोंद एकही नव्हती. पतंग येणार नाहींत या खात्रीनें त्या रात्रीं आम्हीं चादर बांधलीच नव्हती! इतक्या वर्षांच्या आमच्या अनुभवाचा आधार तो एवढाच.

आमचें विधान मात्र खोटें नव्हतें. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें सी. बी. विल्यम्स यांनीं १९३० नंतरच्या दशकांत दिव्याचा सापळा लावून रात्रीमागून रात्री मोजणी केली, आणि पौर्णिमेच्या सुमारास पाखरें कमी सांपडतात असें त्यांना आढळलें. पण तेवढ्यावरही प्रश्न संपत नाहीं. चांदण्यांत पतंग उडतातच कमी, कीं चांदण्यापुढें दिव्याचा प्रभाव फिका पडतो? खरें असलेलें विधानही आपण पुराव्यावांचून करीत असूं तर तें आपलें ज्ञान नव्हे, तो योगायोग होय. ही लाज त्या मुलीनें आम्हांस शिकविली.

तेव्हांपासून पावसाळ्यांत 'जगांतील सर्वांत मोठा दुर्मिळ पतंग सांपडला' असें कोणी सांगितलें कीं आम्ही तिन्ही विशेषणें निरनिराळीं तपासतों. हा पतंग म्हणजे अॅटलास. पंख पसरले तर वीतभर भरणारा, तांबूस-तपकिरी, पंखांवर पारदर्शक खिडक्या असलेला. तो मोठा खराच. पण पंखांच्या लांबीचा मान दक्षिण अमेरिकेंतील एका पांढुरक्या पतंगाकडे जातो. दुर्मिळ म्हणावा, तर सह्याद्रीच्या ओल्या रानांत तो पुष्कळांना भेटतो. रात्रीं दिवा घेऊन बसणाराच दुर्मिळ. आणि नांव? सह्याद्रींतील या पतंगाला दीर्घकाळ उत्तरेकडील जातीचेंच नांव दिलें जाई. आतां अभ्यासक त्याला सिंहलद्वीपावरून नांव मिळालेल्या निराळ्या जातींत घालतात. त्याच्या पंखांच्या टोकाशीं नागाचें तोंड दिसतें, हेंही खरें. परंतु आमच्या डोळ्यांस साप दिसतो एवढ्यावरून पक्ष्याच्याही डोळ्यांस तो दिसतो असें ठरत नाहीं.

आतां काकींच्या दिव्याकडे वळूं. पुस्तकांतून पुष्कळ वर्षें असें सांगितलें गेलें कीं, पतंग चंद्राशीं ठराविक कोन साधून सरळ उडतात. चंद्र दूर असल्यामुळें तें जमतें, पण दिवा जवळ असल्यामुळें तोच कोन राखतांना त्यांची वाट मळसूत्रासारखी आंत वळत जाते. कल्पना इतकी सुबक कीं ती तपासण्याची कोणास घाई झाली नाहीं. २०२४ सालीं लंडन व अमेरिका येथील संशोधकांनीं अतिवेगवान कॅमेऱ्यांनीं दिव्याजवळच्या कीटकांचें उड्डाण टिपून आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलें तें असें: कीटक दिव्याकडे तोंड करून झेपावत नाहींत; ते त्याच्याकडे पाठ करतात. रात्रीं आकाश हें जमिनीहून नेहमींच उजळ. तेव्हां उजेडाकडे पाठ ठेवली कीं वर कोणतें आणि खालीं कोणतें तें कळतें. दिवा बाजूस असला तर ते त्याभोंवतीं घिरट्या घालतात. दिव्यावरून जाऊं लागले तर उलटे होऊन खालीं कोसळतात. म्हणजे ज्याला आम्ही मोह म्हणत होतों तो दिशाभ्रम निघाला. पतंग दिव्यावर भाळत नाहीं. दिवा त्याचें आकाश हिरावून घेतो.

आणि या संशोधकांनीं आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध गेलेलें उदाहरणही झांकून ठेवलें नाहीं. कण्हेरीवर वाढणारा हिरवा पतंग, ज्याच्या कुळावर बेल यांनीं खंड लिहिला त्याच कुळांतला, त्यांच्या प्रयोगांत दिव्यावरून निर्धास्त उडत गेला. कां, हा पुढचा प्रश्न. कोंकणांतल्या परसांत कण्हेर आहे आणि तिच्यावर त्याची अळीही सांपडते. तेव्हां हा प्रश्न कांहीं परक्यांचाच नव्हे.

किनाऱ्यावर आतां रात्रभर जळणारे पांढरे दिवे वाढत चालले आहेत. पतंग स्वतःच्या मोहानें मरतो असें मानलें तर दोष त्याचा, आणि आपण हळहळून मोकळे. तो आपल्या दिव्यानें चुकतो हें कळलें तर कांहीं जबाबदारी आपल्याकडे येते. त्या रात्रीं आम्हीं काकींना हें जमेल तसें सांगितलें. त्या कांहीं वेळ गप्प बसल्या; मग उठून त्यांनीं पडवींतला दिवा मालवला. अंधारांत भिंतीवरचीं पाखरें दिसेनाशीं झालीं. सकाळीं पाहतों तों पडवीच्या जमिनीवर थोडेसेच पंख पडले होते. रोजच्याहून ते कमी होते काय, तें मात्र सांगतां येत नाहीं, कारण आदल्या दिवशींचे आम्हीं मोजले नव्हते.